उजवा कान

सांगवी, ता. बारामती
२२ जुलै १९९७

बिरदेव,

हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. गेल्या आठवड्यात ती इंदापूरहून आली होती. परत जाताना एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "म्हाळसा, त्याला एक कागद लिही. म्या सांगितलं म्हून लिही." तिला नाही म्हणवलं नाही. माझ्या मनानं लिहिलं नसतं.

माझा उजवा कान पुन्हा वाहायला लागला आहे. तसा तो लहानपणापासून अधूनमधून वाहतोच, पण आता वास येतो. वर्गात मुलं जवळ आली की मीच मागं सरते. आई तेल सोडायला सांगते, शेजारणी लसूण सांगतात. सगळं करून झालं. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, पडद्यामागं कातडीचा गोळा धरलाय, तो आतलं हाड खात चाललाय, ऑपरेशन करावंच लागेल. मग त्यांनी विचारलं, "डावी बाजू कशानं गेली?"

मी म्हटलं, "अशाच ऑपरेशनात. आठ वर्षं झाली."

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, हे मी करणार नाही. डाव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही, चेहऱ्याची डावी नस मेलेली. सगळं आता या एका बाजूवर आहे. तुम्ही मुंबईला जा." आणि त्यांनी तुझंच नाव घेतलं. मुंबईच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर डोक्याचं चित्र बघत ऑपरेशन करायचं मशीन आलंय, तिथं आपल्या इंदापूरचा एक डॉक्टर काम करतो, असं म्हणाले. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की डावी बाजूही त्यानंच केली?

माझं विचारणं एवढंच आहे. ते मशीन खरंच असं काही करतं का? आणि तिथं तुझ्याशिवाय दुसरं कोणी ऑपरेशन करणारं आहे का? तू कानाला हात लावणार नसशील तर मी येईन. स्पष्ट लिहिते, कारण आडून आडून लिहायला आता अंगात दम नाही.

फोन करू नकोस. मला फोनवरचं नीट ऐकू येत नाही, आणि तुझ्या दाजींनी उचलला तर ते ठेवून देतील.

बाकी बरी आहे. चक्कर वगैरे काही येत नाही.

म्हाळसा

---

सांगवी
११ ऑगस्ट १९९७

बिरदेव,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत एकदाही तू मागचं काही काढलं नाहीस, सगळं मशीनबद्दलच लिहिलंस. बरं केलंस.

मला कळलं ते असं. आधी डोक्याचे बारीक बारीक कापांचे फोटो काढायचे, कांदा चकत्या चकत्यांनी चिरतात तसे. ते कॉम्प्युटरमध्ये घालायचे. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांच्या हातात एक सळई असते आणि वरचा कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो. सळईचं टोक कानात जिथं टेकेल, तिथंच पडद्यावरच्या फोटोत खूण दिसते. म्हणजे हाडाच्या पलीकडं काय आहे, ते हाड फोडायच्या आधीच कळतं. मेंदूच्या ऑपरेशनसाठी ते मशीन आणलं, आणि तुम्ही लोक आता कानासाठी वापरून बघताय. 'वापरून बघतोय' हे शब्द तुझेच. मी दोनदा वाचले.

पत्र तुझ्या दाजींच्या हाती लागलं. मी लपवलं नव्हतं, फळीवरच होतं. दुधाचा टँकर लावून घरी आले, हातपाय धुतले आणि उभ्यानंच वाचून काढलं. म्हणाले, "मशीन आणलंय म्हनं. तवा काय डोळं नव्हतं त्याला?"

मी ताटं घेतली. जेवताना पुन्हा म्हणाले, "तू चहा पिताना गालाला बोट लावून धरती, त्ये म्या आठ वर्सं बगतोय. त्यानं एक दिवस तरी बगितलं का?"

तू नवा होतास, पहिल्या वर्षातलं ऑपरेशन होतं, आबांनीच हट्ट धरला होता की लेक घरच्याच डॉक्टरकडून बरी व्हावी. हे सगळं त्यांना माहीत आहे. माहीत असून ते असं म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात खोटी लिहिली होती. चक्कर येते. शुक्रवारी शाळेत फळ्याकडं वळले आणि सगळा वर्ग गरगरला. खाली पडले. मुलांना वाटलं बाईंनी गंमत केली, आधी हसली, मग रडायला लागली. तू विचारलं होतंस की कानाच्या छिद्रावर बोट दाबलं तर चक्कर येते का. येते. याचा अर्थ काय ते तू लिहिलं नाहीस, पण तू विचारलंस त्यावरूनच मला समजलं.

म्हाळसा

---

सांगवी
१९ सप्टेंबर १९९७

बिरदेव,

बारामतीला जाऊन दातांचा साचा काढून घेतला. डॉक्टरांनी वरच्या दातांवर गुलाबी लगदा दाबला. डाव्या ओठाला धरबंध नाही, त्यामुळं सगळी लाळ पदरावर आली. तरुण बाई होती डॉक्टर, फार मायेनं पुसत होती. तिला समजेना की कानाच्या ऑपरेशनला दातांचा साचा कशाला. तू लिहिलं होतंस तसं मी सांगितलं, की कातडी सरकते, दात सरकत नाहीत, म्हणून खुणा दातांच्या साच्यावर बसवतात आणि त्या खुणांवरून मशीन डोकं ओळखतं. ती म्हणाली, "बाई, तुम्हीच डॉक्टर झालात की."

मधे कार्डावर मी एकच प्रश्न विचारला होता, मशीन चुकतं का? तुझं उत्तर आलं ते तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहिलंस:

'अक्का, चुकतं. साचा नीट बसला आणि सगळं जमलं तरी एखाद-दीड मिलिमीटर इकडं तिकडं होतं. चेहऱ्याची नस तेवढीच जाड असते. म्हणून नुसत्या मशीनवर विसंबून कोणी ड्रिल चालवू नये. मशीन फक्त सांगतं की आता जपून. तुझ्या कानात रोगानं ओळखीच्या सगळ्या खुणा खाल्ल्या असणार, म्हणून ते हवं. नस वाचेल असं मी लिहून देऊ शकत नाही. चक्कर येते म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाडही गेलंय. थांबलं तर ऐकू येणं जाईलच, आणि आत मेंदूकडं पू जाऊ शकतो. ऑपरेशन माझे सर करतील. मी मशीनवर बसेन. ड्रिल माझ्या हातात नसेल.'

वाचून झाल्यावर तुझे दाजी बाजेवरून उठले. मला वाटलं आता पुन्हा काहीतरी वाकडं बोलतील. पण ते म्हणाले, "ह्या टायमाला खरं लिवलंय." मग शर्ट चढवला आणि रजेचं बोलायला डेअरीवर गेले.

त्यावरून धरते की आम्ही येतोय.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते. मी घाबरले आहे ते चेहऱ्याला नाही. एक बाजू गेली तेव्हा लोकांनी बघून घेतलं, दुसरी गेली तर तेही बघतील. मला भीती कानाची आहे. दुसरीच्या वर्गात सगळे एकदम बोलतात. त्यांतला कुठला आवाज कुणाचा, एवढं मला अजून कळतं. ते गेलं तर माझ्याजवळ दुसरं काम नाही.

अक्का

(मागं नुसतं नाव लिहीत होते. आता सवयीनं हे लिहिलं गेलं. राहू दे.)

---

मुंबई, दवाखाना
१३ ऑक्टोबर १९९७, दुपार

बिरदेव,

तू याच इमारतीत आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. सिस्टरबाई म्हणाल्या, मी नेऊन देते.

सकाळी साचा दातांवर बसवून फोटो काढले तेव्हा तू होतास. मास्क होता तरी चालण्यावरून ओळखलं, आबांसारखा उजवा खांदा पाडून चालतोस. तू विचारलंस, "टोचतंय का?" तोंडात साचा होता, मी मान हलवली. आठ वर्षांनी आपण एवढंच बोललो.

सर येऊन गेले. त्यांनी सगळं समजावलं, मी सही केली. त्यांचा स्वभाव घाईचा दिसतो, पण हात शांत आहेत.

एकच सांगायचं आहे. उद्या काही वाईट झालं तर ते तू केलंस असं मी म्हणणार नाही, आणि तुझ्या दाजींनाही म्हणू देणार नाही. सरांना मीच मागितलं होतं. आणि नस किंवा ऐकू येणं, दोन्हींतलं एकच वाचवायची वेळ आली तर काय करायचं, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, कान. बाहेर आल्यावर तुझे दाजी म्हणाले, "न्हाय, तोंड वाचवा म्हनावं. ऐकायचं म्या सांगीन वरडून." आमचं यावरून भांडण झालं. वॉर्डातल्या बायका बघत होत्या.

शेवटी मी सरांना निरोप पाठवला की तुम्हाला आत जे बरं दिसेल ते करा.

अक्का

---

सांगवी
१८ नोव्हेंबर १९९७

बिरदेव,

कालपासून शाळेत जाते आहे. कानामागची जखम भरली, केस कापलेत तिथं टोचतात. चक्कर जवळजवळ गेली. ऐकू येणं अर्धं राहिलं आहे. ऐकायचं मशीन लावलं की वर्ग पुन्हा भरल्यासारखा वाटतो, फक्त बाक सरकवल्याचा आवाज फार मोठा येतो. मुलांना सांगितलं आहे, बाक उचलून ठेवायचे. ठेवतात बिचारी.

चेहरा जिथल्या तिथं आहे, उजवीकडचा. शुद्ध आली तेव्हा सिस्टरबाई म्हणाल्या, "हसून दाखवा." मला हसू कुठलं येतंय. त्या म्हणाल्या, "नुसतं दात दाखवा." दाखवले. त्यांनी तुझ्या दाजींना हाक मारली, आणि हे दारातच उभे राहून बघत राहिले. मग पाठ करून बाहेर गेले.

आत काय झालं ते मला यांच्याकडून कळलं, तेही दिवाळीनंतर, ऊस तोडायला आलेल्यांसाठी मी भाकरी थापत होते तेव्हा. हे उंबऱ्यावर बसले होते. आपण होऊन बोलायला लागले.

म्हणाले, ऑपरेशन झाल्यावर सर बाहेर आले आणि त्यांनी यांना बाजूला घेतलं. सरांचं बोलणं यांनी जसंच्या तसं सांगितलं. अर्ध्यावर सगळीकडं पू आणि रक्त होतं, काहीच ओळखू येत नव्हतं. पडद्यावरची खूण सांगत होती की नस अजून लांब आहे. सर ड्रिल पुढं नेणार, तर तू म्हणालास, "सर, थांबा. मला पुन्हा तपासायचंय." तू सळई कानाबाहेरच्या एका ओळखीच्या जागी टेकवायला लावलीस आणि खूण भलतीकडंच दिसली. साचा दातांवरून थोडा निसटला होता. सर म्हणाले, "वेळ जातोय. मी अंदाजानं करतो." तू म्हणालास, "वेळ जाऊ दे, सर." सर चिडले. तू खुर्चीवरून उठून त्यांच्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभा राहिलास. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. तेव्हा कळलं की नस तिथंच होती, ड्रिलच्या टोकाखाली. तिच्यावर हाडही शिल्लक नव्हतं.

सर यांना म्हणाले, "तुमच्या मेव्हण्यानं थांबवलं नसतं तर मी थांबलो नसतो."

मी विचारलं, "मग बिरदेव कुठं होता?"

"भाईर आला मागनं," हे म्हणाले. "भिताडाला पाठ लावून खालीच बसला. टोपी तशीच डोक्यावर. म्या चहा आनून दिला."

"काय बोललात?"

"काय न्हाय. साखर लई हाय म्हनला. म्या म्हनलं, पी."

भाकरी करपली. मी दुसरी थापली.

तुला हे लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. तुझे उपकार झाले हे तर लिहायलाच हवं. पण दुसरंही एक आहे, आणि ते लिहिलं नाही तर हे पत्र मागच्या पत्रांसारखंच होईल.

तू मला भेटायला आला नाहीस. मी पाच दिवस त्या वॉर्डात होते. सिस्टरबाईंनी सांगितलं, डॉक्टर रोज येतात, तुम्ही झोपल्यावर. कानाची पट्टी बदलायला एकदा आलास, तेव्हा उजवीकडं उभा राहिलास. कान तिकडचा म्हणून असेल, असं मी धरलं. फोटो काढताना उजवीकडं. साचा बसवताना खाली वाकलास तो उजवीकडूनच, मागच्या बाजूनं हात घालून. ऑपरेशनच्या वेळी तर माझ्या तोंडावर हिरवं फडकंच होतं.

माझ्या कवटीच्या आतली एक एक चकती तू किती वेळा बघितलीस कुणास ठाऊक. आदल्या रात्रभर त्याच बघत होतास, सर म्हणाले. पण माझा चेहरा तू बघितला नाहीस. तेव्हाही नाही आणि आताही नाही. इंदापुरात पट्टी काढली त्या दिवशी तू कागदासारखा पांढरा पडलास आणि निघून गेलास. आबा गेले तेव्हा आलास, तर गर्दीत मागंच उभा राहिलास आणि तसाच परत गेलास. मला वाटत होतं की मी तुझ्यावर रागावले आहे म्हणून तू येत नाहीस. आता वाटतं, तसं नसावं.

क्षमा केली का, असं कधी विचारू नकोस. मला ते सांगता येणार नाही. मी थकले आहे आणि एवढं मोठं काही ठरवायची ताकद माझ्यात नाही.

पण ये. घरी ये, माझ्या समोर बस, आणि बघ.

अक्का

---

सांगवी
२ फेब्रुवारी १९९८

बिरदेव,

तू गेलास त्याला आठवडा झाला. आई अजून इथंच आहे. रोज संध्याकाळी तू काय काय खाल्लंस ते मोजून सांगते.

तू आलास तेव्हा मी मुद्दाम खिडकीकडं तोंड करून बसले होते, डावी बाजू उजेडात यावी म्हणून. हे तुला कळलं की नाही, माहीत नाही. तू आलास, चप्पल काढलीस, आईच्या पाया पडलास. यांना 'दाजी' म्हणालास. मग माझ्यासमोर मांडी घालून बसलास आणि खाली बघत राहिलास. आई म्हणाली, "आरं, बघ की तिच्याकडं. लांबनं आलायस."

मग बघितलंस.

किती वेळ बघत होतास ते मला सांगता येणार नाही. मला लाज वाटायला लागली, तरी मी मान वळवली नाही. नंतर तू डॉक्टरासारखा बोललास. "भुवई वर कर." नाही झाली. "गाल फुगव." हवा निघून गेली. "डोळा मीट." मी मिटला, तो तुला उघडाच दिसला असणार. तू बोटानं पापणी खाली ओढून धरलीस आणि विचारलंस, "रात्री सुकतो?"

"रोज सुकतो. ओलं फडकं बांधून झोपते."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

तुझं बोट माझ्या पापणीवर तसंच होतं. मग म्हणालास की वरच्या पापणीच्या आत सोन्याचा लहानसा तुकडा शिवता येतो, त्याच्या वजनानं पापणी आपोआप मिटते. हे ऐकून आईनं कानातली बुगडी काढून तुझ्यापुढं धरली. तू म्हणालास, "आई, असलं सोनं चालत नाही, वेगळं असतं." ती म्हणाली, "सोनं ते सोनं. त्यात येगळं काय?" तू हसलास. आणि हसता हसता उठून गोठ्याकडं गेलास. मी खिडकीतून बघितलं, तू गाईच्या पाठीवर डोकं टेकून उभा होतास. मी आले नाही. यांनी पाण्याचा तांब्या नेऊन बाजूला ठेवला आणि परत आले. तू परत यायच्या आत मी चहा टाकला.

माफी मागितली नाहीस. मागितली असतीस तर मला काय बोलावं ते सुचलं नसतं, म्हणून बरंच झालं.

मला पुन्हा टेबलावर झोपायचं नव्हतं. खरंच नव्हतं. तू गेल्यावर मी ठरवलं होतं, तुला लिहायचं की पापणीचं राहू दे, ओलं फडकं आहे, चाललंय. दोन दिवस हा मजकूर मनात घोळवला. मग परवा हे टँकरवरून आले आणि मीच विचारलं, "पापणीचं काय करावं?"

हे पायातला बूट काढत होते. म्हणाले, "त्याला बी त्ये मशीन लागतंय का?"

"नाही. वरचंच काम आहे. नुसता हात लागतो, बिरदेव म्हणाला."

दुसरा बूट काढून भिंतीशी ठेवला. मग म्हणाले, "मंग उन्हाळ्याच्या सुट्टीत कर. शाळा बुडायची न्हाय."

मे महिन्यातली तारीख कळव. सरांना सांगू नकोस. तूच कर.

अक्का